घर उभं आहे तोवर

पन्हाळ्यावरचं आमचं घर बघायला मुद्दाम कुणी येत नाही. पर्यटक समोरच्या रस्त्याने पुढे जातात, उन्हाळ्यात एखादा ओट्यावर टेकून पाणी मागतो, एवढंच. चार खणांचं घर, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, मागे परसात एक फणस. दादांनी, म्हणजे आमच्या अब्बांच्या वडिलांनी, संस्थानच्या काळात जागा घेऊन बांधलेलं. अब्बा याच घरात जन्मले. शिकायला गड उतरून कोल्हापुरात गेले, दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहिले, उर्दू शाळेत मास्तर झाले, आणि निवृत्तीचे कागद हातात पडले त्याच आठवड्यात पुन्हा गडावर येऊन राहिले. आम्ही नोकरीमुळे कोल्हापुरात. अंतर वीस किलोमीटरचं. अम्मांच्या इंतकालनंतर अब्बांना खाली आणायचे किती प्रयत्न केले, पण ते हलले नाहीत. धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब त्यांच्याजवळ आहे. तो पर्यटकांसाठी झुणका-भाकरीची टपरी चालवतो.

२०२१ च्या जुलैतला पाऊस कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. खाली पंचगंगेने शहर वेढलं आणि वर गडाकडे जाणारा रस्ताच खचला. कितीतरी दिवस आम्हाला वर जाताच आलं नाही, फोनवर अब्बांचा आवाज ऐकायचा एवढंच. शेवटी पायवाटेने चढून गेलो तेव्हा मागची भिंत वीतभर बाहेर आलेली होती. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग, तिच्यात बोटं जात होती. आढ्याला मधोमध झोल पडला होता. अब्बा पुढच्या खोलीत खाटेवर बसून आमच्यासाठी चहा टाकायला सांगत होते, जणू काही झालंच नाही.

त्या रात्री घरात बैठक झाली. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. "भाईजान, हे पाडू या. कॉलम घेऊ, स्लॅब टाकू, वर दोन खोल्या काढू. पर्यटकांना देता येतील. मला दोन मुली आहेत." खरं सांगायचं तर आम्हीही त्याच्याच बाजूचे होतो. दरवर्षीची शाकारणी, माकडांनी फोडलेली कौलं, वळवाच्या पहिल्या सरीला घरभर मांडलेली भांडी, याचा आम्हालाही कंटाळा आला होता. कर्ज काढायची तयारीही होती. अब्बा एवढंच म्हणाले, "घर पाडने की बात मेरे सामने नको करो." आम्हाला ते म्हातारपणाचं हट्टीपण वाटलं. कायदाही त्यांच्याच बाजूला आहे हे आम्हाला कोण सांगणार!

सांगितलं एका ओळखीच्या इंजिनिअरने. त्याने नकाशा काढायला घेतलाच नाही, पहिला प्रश्न विचारला, "संरक्षित स्मारकापासून घर किती लांब?"

पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, ते नांदतं गाव आहे. इथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, मंदिरं आहेत, सादोबाचा दर्गा आहे, नळाला पाणी येतं, घरपट्टी भरावी लागते. आणि याच गावात तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी अशा केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तू आहेत. शिलाहारांच्या भोज राजाने वसवलेला, आदिलशाहीने दरवाजे-कोठारांनी सजवलेला, शिवाजी महाराजांनी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून अजरामर केलेला हा गड. चार दरवाजा मात्र आता उरलेला नाही. १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. पुढे त्याच इंग्रजांच्या राज्यात, १९०४ मध्ये, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. इतिहासाच्या तासाला हे सांगताना मुलं हसतात.

स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. १६ जून १९९२ ला केंद्राने अधिसूचना काढली : संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. २०१० मध्ये कायद्यातच बदल करून ही अंतरं मूळ मजकुरात घातली गेली आणि दिल्लीत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन नवं बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात खासगी माणसाला नवं बांधकाम करताच येत नाही. घर कितीही जुनं असो, जागा कितीही स्वतःची असो.

आम्ही निश्चिंत होतो. लहानपणापासून पायाखालचा रस्ता, पावलांनी मोजला तर सव्वाशे मीटरच्या वर भरत होता. पण इथेच आम्ही फसलो. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून धरत नाहीत. स्मारकाची म्हणून जी जागा संरक्षित जाहीर झालेली असते, तिच्या हद्दीपासून धरतात. ती हद्द भिंतीच्या बरीच पुढे आलेली असू शकते. रीतसर मोजणी झाली तेव्हा आमचं घर ऐंशी मीटरच्या आसपास निघालं. धाकट्याच्या दोन खोल्या त्याच दिवशी हवेत विरल्या.

मग राहिलं काय? राहिली दुरुस्ती. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी मालकाला अर्ज करता येतो. पण कायद्याने दुरुस्तीची व्याख्या करताना साफ म्हटलं आहे की तिच्यात बांधकाम येत नाही आणि पुनर्बांधणीही येत नाही. होतं तेवढंच, त्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभारलं, तरी ती पुनर्बांधणी. नियंत्रित क्षेत्रात तिला परवानगी मिळू शकते, प्रतिबंधित क्षेत्रात नाही.

इंजिनिअर म्हणाला, "सर, घर उभं आहे तोवर अर्ज आहे. पडलं तर गेलं."

अब्बांना हे सगळं समजावून सांगायला आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मरम्मत करता येईल, तामीर नाही." दोन उर्दू शब्दांत अख्खा कायदा आला. आम्ही इतकी वर्षं वर्गात या शब्दांचे अर्थ लिहून देत आलो, दोहोंमध्ये एवढं अंतर असेल असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच काम सुरू झालं : कागद येईपर्यंत भिंत पडू द्यायची नाही. शेजारच्या काकांनी त्यांच्या शेतातले निलगिरीचे वासे दिले. त्यांचं घरही याच फेऱ्यात आहे. गडावर हे दुखणं मराठा, ब्राह्मण, मुसलमान असं पाहून येत नाही. बाहेरून तीन आणि आतून दोन असे टेकू लावले. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. ती तडकली की भिंत हलली असं समजायचं. रोज सकाळी फजरच्या नमाजनंतर अब्बा ती पट्टी बघून यायचे. आम्ही फोन केला की पहिलं वाक्य हेच, "काच ठीक है."

आता धाकट्याच्या एका कृत्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हा लेख अर्धा खरा होईल. पुढच्या हिवाळ्यात आम्हाला न सांगता त्याने मागच्या परसात वाळू आणि सळई टाकली. विचार असा की मुख्य घराला हात लावायचा नाही, फणसाच्या बाजूला एक वेगळी खोली काढायची, रात्रीतून कॉलम उभे करायचे. दोन कॉलम कमरेएवढे आले आणि नोटीस आली. अशा बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तेव्हा कळलं. भाऊ चिडला होता, "भल्याभल्यांची हॉटेलं उभी राहतात, आणि कायदा टपरीवाल्याला!" त्याच्या रागात काहीच तथ्य नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्याने चूक केली म्हणून आपल्याला सूट मिळत नाही. आम्ही सुट्टी टाकली, गवंडी बोलावला, दोन्ही कॉलम स्वतः उभे राहून तोडले, फोटो काढले आणि लेखी उत्तर दिलं. सळई भंगारात गेली. वाळू मात्र पडून राहिली, ती पुढे कामाला आली.

अर्जाला मालकीचे कागद हवे होते, आणि घर १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावा. पुराव्याची चिंता अब्बांनी मिटवली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत घरपट्टीच्या पावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या. सगळ्यात जुनी १९६३ ची. अम्मा नेहमी या पेटीवरून त्यांना चिडवत असत. पावत्यांच्या खाली दादांचं खरेदीखत निघालं, मोडीत लिहिलेलं. वाचणारा शोधावा लागला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्याही आधीचं ते खत. त्यात चतुःसीमा दिली होती, आणि पूर्वेला फणसाचं झाड लिहिलेलं होतं. अब्बा उठून मागच्या दारात गेले आणि बराच वेळ झाडाकडे बघत उभे राहिले.

मालकीचं प्रकरण मात्र इतक्या सहज सुटलं नाही. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजून दादांचंच नाव होतं. दादांचा इंतकाल होऊन चाळीस वर्षं झाली, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. अब्बांना दोन बहिणी, एक फुफी मिरजेला, एक इचलकरंजीला. शरीअतप्रमाणे वारसा वाटला तर घराचे चार हिस्से : दोन अब्बांचे, एक एक दोघी फुफींचा. हे आम्हाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मीरासचे हिस्से वर्गात गणित म्हणून सोडवून दाखवलेत आम्ही. पण या घराच्या बाबतीत तो विषय कधी निघालाच नाही. फुफी ईदला यायच्या, अम्मा त्यांना साडी द्यायच्या, आणि सगळं व्यवस्थित आहे असं सगळे समजून चालायचे.

धाकटा म्हणाला, "दोघींकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊ, म्हणजे झंझट नको." आम्ही मिरजेला गेलो. मोठ्या फुफी पंच्याहत्तरच्या पुढच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीची चौकशी केली, फणसाला यंदा किती फळ लागलं ते विचारलं. मग म्हणाल्या, "बेटा, चाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही. आज विचारता, ते सही हवी म्हणून. सही देते. पण आधी माझं नाव कागदावर चढवा. सोडायचं की नाही ते मग मी ठरवीन."

परतीच्या एसटीत आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोललो नाही. घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती बरोबर बोलली. कसूर माझा आहे." वारस नोंदीत तिघा भावंडांची नावं लागली. त्यात आठ महिने गेले. हक्कसोडपत्राचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तिघांच्या सह्यांनी अर्ज गेला, तो २०२३ च्या जानेवारीत.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कायद्यात मुदती आहेत. नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याने अर्ज पंधरा दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची, नंतर महिन्याभरात अधिकाऱ्याने मालकाला होकार किंवा नकार द्यायचा. म्हणजे साडेतीन-चार महिने. आमचा अर्ज एकदा नकाशात छेद दाखवला नाही म्हणून परत आला, ती आमची चूक. एकदा एका कार्यालयात फाईल सापडेना, ती आमची चूक नव्हती. सापडली तेव्हा आतले फोटो गायब होते. दुसरे फोटो काढले, त्यात एक टेकू जास्त दिसतो असं सांगण्यात आलं. अब्बांच्या काचेच्या पट्ट्या दोनदा तडकल्या, दोनदा नव्या लावल्या. २०२२ चा पावसाळा टेकूंवर निघाला. २०२३ चाही.

२०२४ चा पावसाळा वेगळा होता. १४ जुलैला विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा विषय घेऊन निघालेला जमाव वाटेतल्या गजापुरात शिरला. घरं फोडली, मशिदीची तोडफोड केली. भर पावसात राहती घरं पाडू नका, हे नंतर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. विशाळगड आणि पन्हाळा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आमच्या गडावर कुणी आमच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. शेजारचे काका त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसून राहिले, काही न बोलता. तरीही 'गडावरचं मुसलमानाचं घर' आणि 'अतिक्रमण' हे शब्द टीव्हीवर एका दमात ऐकू येत होते तेव्हा पोटात खड्डा पडला. त्या रात्री धाकट्याने पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "भाईजान, पावत्यांच्या झेरॉक्स किती काढल्यात?" दुसऱ्या दिवशी त्याने तीन संच काढले, एक मिरजेला फुफींकडे ठेवला.

त्याच पावसाळ्यात, ८ ऑगस्टच्या रात्री, कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं, लाकडी रंगमंचाचं. दुसऱ्या दिवशी सगळं शहर तिथे लोटलं होतं, म्हातारी माणसं रडत होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं : जसं होतं तसंच पुन्हा हवं. तसं बांधायचं ठरलंही, आणि ते योग्यच झालं. आमच्या मनात मात्र राहून राहून येत होतं की आपली भिंत आज पडली तर 'जसं होतं तसं' म्हणायचीही सोय नाही.

इथे शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण या दोन व्यवस्थांची गल्लत फार होते. गडावरचा १०० मीटरचा नियम केंद्राच्या कायद्याचा. शहरातल्या वारसा वास्तूंसाठी वेगळा नियम आहे. मुंबईत तो १९९५ मध्ये आला. कोल्हापूरसह बाकी बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यातही तो आहे. तिथे मीटर मोजत नाहीत, श्रेणी पाहतात. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला मजबुतीसाठी लागेल त्यापलीकडे आत-बाहेर हात लावू देत नाहीत. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, दर्शनी रूप जपावं लागतं. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. तेव्हा जुन्या पेठेत घर असेल आणि कुणी 'हेरिटेजमध्ये आहे, काहीच करता येणार नाही' म्हणून स्वस्तात विकत मागत असेल, तर आधी यादीत नाव आहे का आणि श्रेणी कोणती, ते महापालिकेत जाऊन स्वतः पाहावं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा भीतीपोटी घर देऊन टाकलं. घर यादीत नव्हतंच.

आणखी एक. मशीद, दर्गा किंवा मंदिर असलं म्हणून १०० मीटरचा नियम सैल होत नाही. वुजूखान्यावर नवं छप्पर उभारणं, मागे एक खोली वाढवणं, मजला चढवणं हे सगळं बांधकामच. आडवी वाढही बांधकाम, उभी वाढही. उलट गटार साफ करणं, नळाची व्यवस्था राखणं या गोष्टी बांधकामाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. जमातीचे पैसे लोकांची अमानत असतात. विश्वस्तांनी वर्गणी गोळा करण्याआधी एक चौकशी केली तर ती वाया जाणार नाही.

कायदा चुकीचा आहे असं आम्हाला आता वाटत नाही. तो नसता तर धाकट्याच्या दोन खोल्या झाल्या असत्या, शेजाऱ्याच्या चार झाल्या असत्या, आणि दहा वर्षांत तीन दरवाजा शोधायला लॉजांच्या पाट्या वाचत जावं लागलं असतं. तक्रार आहे ती वेगळी. आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात जुन्या वस्तीत राहतो. तिथे अशा वस्त्या राखायचा कायदा १९६७ पासून आहे, आवारातलं झाड तोडायचं असलं तरी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. पण कळवायचं कुठे, तर त्याच गावच्या कौन्सिलला. आमच्या चार खणांच्या घराचे वासे बदलायचे की नाही हे दिल्लीत ठरतं. कायद्यानेच सांगितलं आहे की प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी त्या जागेचा विचार करून वेगळ्या वारसा उपविधी तयार कराव्यात. त्या सगळीकडे झाल्या, तर किती उंची, कोणतं छप्पर, कोणता दगड हे आधीच लिहिलेलं असेल आणि गरीब माणसाला अंदाज तरी येईल. देशात बहुतेक ठिकाणी ते काम अजून व्हायचंच आहे.

परवानगी आली २०२५ च्या जानेवारीत, अर्ज केल्याला बरोबर दोन वर्षं होत असताना. भिंतीचा फुगलेला भाग टप्प्याटप्प्याने उतरवून त्याच जांभ्याने पुन्हा रचायचा, कुजलेले वासे बदलायचे, कौलं तीच. लांबी, रुंदी, उंची होती तीच. अब्बांनी कागद दोनदा वाचला आणि पेटीत ठेवला, पावत्यांच्या वर.

गवंडी मिळणं हे वेगळं दिव्य होतं. सिमेंटवाले पन्नास भेटतात, चुना जाणणारा एखादाच. शेवटी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातले म्हातारे गवंडी आले. भिंतीवर मागे कधीतरी आम्हीच केलेला सिमेंटचा गिलावा होता, त्यावर त्यांनी थापीच्या दांड्याने टकटक केली. पोकळ आवाज आला. "सर, ह्यानंच घात केला बघा. जांभा पानी पितो अन् सोडतो. तुम्ही वरनं सिमीट थापलं, त्येला पानी सोडायला जागाच ऱ्हायली न्हाई. परत सिमीट घालू नगासा." ऐकून आम्ही खाली मान घातली. तो गिलावा २००८ मध्ये आम्हीच हौसेने करून घेतला होता, अब्बांचा विरोध असताना.

मग परसात चुना भिजत पडला. हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून तो मळला गेला, धाकट्याच्या त्या जुन्या वाळूसकट. धाकटा रोज टपरी बंद केल्यावर गवंड्यांच्या हाताखाली राबत होता, आणि एका रात्री म्हणाला की हे काम आपल्याला जमेल. गडावर अशी आणखी कितीतरी घरं टेकूंवर उभी आहेत. आता शेजारच्या काकांच्या घराचा अर्ज तो स्वतः भरतोय. टपरी चालू आहेच.

टेकू काढले तो दिवस रमजानमधला होता. शेवटचा वासा काढल्यावर सगळे श्वास रोखून भिंतीकडे बघत राहिले. ती उभी राहिली. अब्बांनी काचेची पट्टी स्वतःच्या हाताने खरवडून काढली.

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत पन्हाळाही आहे. शाळेत पेढे वाटले. गडावर आनंद होता आणि धास्तीही होती, आता आणखी कोणते नियम येतात म्हणून. लोक धाकट्याच्या टपरीवर येऊन विचारत होते, आणि तो त्यांना सांगत होता, घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा, बहिणींची नावं लावून घ्या.

त्याच आठवड्यात मिरजेच्या फुफी राहायला आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच. भिंतीवरून हात फिरवला, चुन्याचा वास घेतला, नवे वासे मोजले. संध्याकाळी जोराचा पाऊस लागला. आम्ही सगळे वर बघत बसलो होतो. मधल्या खोलीत, दाराच्या डाव्या बाजूला, एक थेंब पडला, मग दुसरा. धाकटा वैतागून उठला, एवढा खर्च करून पुन्हा गळतंच आहे म्हणाला. फुफी खाटेवरून म्हणाल्या, "तिथं घमेलं ठेव. तिथं पहिल्यापासून गळतं. आम्ही लहान असताना अम्मा तिथंच ठेवायच्या." अब्बा हसले. धाकट्याने मागच्या दारातून घमेलं आणून त्या जागी ठेवलं.